ऑपेरातील काउंटरटेनर होण्यासाठी: आवाजाच्या तपासणीपासून पहिल्या करारापर्यंत

ऑपेरात काउंटरटेनर म्हणून, म्हणजे फॉल्सेटो या पातळ, उंच आवाजात स्त्रियांच्या पट्टीत गाणारा पुरुष म्हणून, गाऊ इच्छिणारा नवखा गायक सर्वांत आधी आपला आवाज किती वर चढतो ते पाहतो. या लेखात मी त्याला खाली पाहायला सांगणार आहे, कारण या शिक्षणातून आणि नंतर या व्यवसायातून गेल्यावर माझी खात्री झाली आहे की या आवाजाचे भवितव्य ठरते ते पियानोवरच्या मधल्या सीच्या आसपासच्या सहा-सात स्वरांत, जिथे फॉल्सेटो विरळ होऊ लागतो आणि छातीचा आवाज, म्हणजे पुरुषाचा नेहमीचा आवाज, पुढे येऊ पाहतो. या जागेला मी पुढे सांधा म्हणेन. शिक्षक निवडण्यापासून भूमिका स्वीकारण्यापर्यंतचे बहुतेक निर्णय याच जागेशी येऊन भिडतात, म्हणून पुढच्या पायऱ्या वाचताना ती सतत ध्यानात ठेवावी.

१. आपला आवाज या वाटेचा आहे का, ते तपासा

बहुतेक काउंटरटेनरांचा बोलण्याचा आवाज बॅरिटोन (पुरुषांचा मधला) किंवा टेनर (पुरुषांचा उंच) जातीचा, म्हणजे चारचौघांसारखाच असतो. नेहमीच्या आवाजात स्वरतंतू आपल्या पूर्ण जाडीने कंप पावतात. फॉल्सेटोत ते ताणले जाऊन पातळ होतात आणि मुख्यतः त्यांच्या कडाच कंप पावतात. असा आवाज थोड्याफार प्रमाणात जवळजवळ प्रत्येक पुरुषाला काढता येतो, त्यामुळे तो निघतो एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तंतू किती नीट मिटतात, स्वरातून हवा गळते की नाही आणि त्याच स्वराला लहानमोठे करता येते की नाही, हे खरे निकष आहेत.

घरी करण्याजोगी परीक्षा सोपी आहे. मधल्या सीच्या वरचा ए, म्हणजे ४४० हर्ट्झचा स्वर, ‘ई’ या स्वरवर्णावर अगदी हळू सुरू करावा, हळूहळू वाढवावा आणि पुन्हा मिटत न्यावा. आवाज मध्येच फुटला किंवा वाढवताना तो निव्वळ फुसफुसता राहिला, तर काम बरेच बाकी आहे असे समजावे. यानंतर त्याच स्वरापासून पाच-पाच स्वर खाली उतरत जावे आणि कोणत्या स्वरावर आवाज पातळ होऊन विरून जातो त्याची नोंद ठेवावी. अर्धा तास गायल्यानंतर बोलण्याचा आवाज घोगरा झाला असेल, तर पुढे जाण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतूंची स्ट्रोबोस्कोपी करून घ्यावी. निरोगी तंतूंची ही पहिली नोंद पुढे दुखणे आल्यावर तुलनेसाठी फार उपयोगी पडते, म्हणून काही तक्रार नसली तरीही ती करून घ्यावी असे मी सुचवेन.

वयाबद्दल एक इशारा द्यायला हवा. लहानपणी समूहगायनात उंच पट्टीत गाणारी काही मुले आवाज फुटत असतानाही तीच पट्टी धरून ठेवण्याचा प्रयत्न करतात. आवाज स्थिरावेपर्यंत हलक्या, मधल्या पट्टीत गावे आणि आवाजाच्या जातीचा निर्णय वयाच्या अठराव्या वर्षाआधी घेऊ नये.

२. शिक्षक निवडा

शिक्षक स्वतः काउंटरटेनर असलाच पाहिजे असे नाही. अनेक उत्तम काउंटरटेनर मेझो-सोप्रानो, म्हणजे मधल्या पट्टीच्या, गायिकांकडे शिकले आहेत, आणि त्याला कारणही आहे: भूमिका सारख्याच, स्वरमर्यादा सारखी आणि छातीच्या आवाजातून वर येण्याचा प्रश्नही सारखाच. शिक्षकाला दोन प्रश्न मात्र अवश्य विचारावेत. तुम्ही यापूर्वी फॉल्सेटोत गाणारा विद्यार्थी किती काळ शिकवला आहे, आणि तुम्ही माझ्याकडून छातीच्या आवाजातही सराव करून घ्याल का? दुसऱ्या प्रश्नाला ‘त्याची गरज नाही’ असे उत्तर आले तर दुसरा शिक्षक शोधावा. हा आवाज मुळात खरा आवाजच नव्हे असे मानणारा शिक्षकही टाळावा, कारण अशा शिक्षकाकडे विद्यार्थ्याची निम्मी शक्ती स्वतःचे समर्थन करण्यात जाते.

३. पहिली दोन-तीन वर्षे खर्जाला आणि सांध्याला द्या

अठराव्या शतकातला संगीतकार हँडेल याच्या ऑल्टो, म्हणजे मेझोहूनही खालच्या पट्टीच्या, भूमिका प्रामुख्याने मधल्या सीच्या खालच्या ए पासून वरच्या सप्तकातल्या डी किंवा ई पर्यंत, म्हणजे साधारण २२० ते ६६० हर्ट्झ या टापूत फिरतात. वरचा ई बहुतेक काउंटरटेनरांना सहज लागतो. अडचण येते ती खाली, कारण पुरुषाचा फॉल्सेटो सर्वांत दुबळा असतो तो नेमका मधल्या सीच्या आसपास, आणि संगीतकाराने तिथेच शब्द भरलेले असतात. राग, सूड, आज्ञा असे भाव व्यक्त करताना ओळ खाली उतरते, खाली वाद्यवृंद वाजत असतो, आणि गायकाचा आवाज त्याच क्षणी ऐकू येईनासा होतो. ऑडिशन घेणारे लोक वरच्या स्वरांपेक्षा हीच जागा कान देऊन ऐकतात, हे मी परीक्षकांच्या बाजूला बसूनही पाहिले आहे.

या सांध्यावर दोन प्रकारे काम करता येते. पहिला प्रकार म्हणजे फॉल्सेटोला शक्य तितके खाली नेणे. त्यासाठी वरून खाली येणारे स्वरसमूह ‘ऊ’ आणि ‘ई’ या बंद स्वरवर्णांवर गावेत, आवाज पातळ झाला तरी जोर लावू नये, आणि रोज अर्ध्या स्वराचीही घाई करू नये. दुसरा प्रकार म्हणजे छातीच्या आवाजाला हलका करून वर आणणे, जेणेकरून तो मधल्या सीजवळ फॉल्सेटोच्या रंगाशी जुळेल. दोन्हींचा सराव वेगवेगळा केल्यानंतरच दोहोंची सांगड घालावी. मधल्या सीच्या वरचा एफ फॉल्सेटोत धरून तिथून एक सप्तक सरकत खाली यावे, आणि आवाज कुठे बदलला हे भिंतीपलीकडच्या श्रोत्याला कळू नये इतकी सफाई येईपर्यंत हा व्यायाम सोडू नये. या कामाला महिने नव्हे, वर्षे लागतात. विद्यार्थ्याला यातले काहीच आकर्षक वाटत नाही, पण पुढे मिळणारी प्रत्येक भूमिका याच कामावर उभी राहते.

दमसासाबद्दल नवख्यांचा एक गैरसमज असतो. फॉल्सेटोत हवा लवकर संपते म्हणून ते प्रत्येक ओळीआधी छाती भरभरून श्वास घेतात, त्यामुळे दाब वाढतो, तंतू उघडतात आणि हवा आणखी लवकर गळते. श्वास मोजका घ्यावा आणि तंतू मिटवण्याकडे लक्ष द्यावे. तंतू नीट मिटू लागले की तोच श्वास दीडपट पुरतो.

या काळात लागणारी साधने थोडी आहेत. एक कीबोर्ड, पट्टी बदलता येणारे ट्यूनर, बऱ्यापैकी मायक्रोफोन असलेले ध्वनिमुद्रण यंत्र आणि आरसा एवढे पुरते. ध्वनिमुद्रण मात्र शक्यतो मोठ्या खोलीत, यंत्र आठ-दहा मीटर लांब ठेवून करावे. तोंडाजवळ ठेवलेल्या मायक्रोफोनला दुबळा खर्जही भरदार वाटतो, आणि प्रसिद्ध गायकांच्या ध्वनिमुद्रणांची नक्कल करणारे विद्यार्थी नेमके इथेच फसतात: मुद्रणात ऐकू येणारा गडद, घट्ट रंग आणण्यासाठी ते जीभ मागे ओढतात, आणि तो आवाज सभागृहात चौथ्या रांगेपलीकडे जात नाही.

४. पट्टी, शैली आणि भाषा

बरोक, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातले, संगीत वाजवणारे वाद्यवृंद बहुधा ए हा स्वर ४१५ हर्ट्झवर लावतात, म्हणजे आजच्या ४४० च्या तुलनेत जवळजवळ अर्धा स्वर खाली. फ्रेंच संगीतासाठी ३९२ पर्यंतही उतरतात. पट्टी खाली आली म्हणजे गाणे सोपे झाले, असे सोप्रानो किंवा टेनर म्हणू शकेल. काउंटरटेनरसाठी याचा अर्थ असा की त्याचा सर्वांत अवघड सांधा आणखी वर्दळीच्या जागी आला. कोणतीही भूमिका स्वीकारण्यापूर्वी ती कोणत्या पट्टीत होणार आहे हे लेखी विचारून घ्यावे आणि सराव त्याच पट्टीत करावा.

शैलीत दोन गोष्टी आधी शिकाव्यात. पहिली म्हणजे रेसिटेटिव्ह, ज्यात गाण्यापेक्षा बोलण्याची लय महत्त्वाची असते. दुसरी म्हणजे दा कापो आरिया (आरिया म्हणजे एका पात्राचे स्वतंत्र गीत). तिच्या पहिल्या भागाची पुनरावृत्ती गायकाने स्वतःच्या अलंकारांनी सजवायची असते, आणि हे अलंकार स्वतः लिहायला शिकावे, कारण इतरांच्या मुद्रणातून उचललेले अलंकार परीक्षकांना पहिल्या दोन ओळींतच ओळखू येतात आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्याच्या आवाजाच्या सोयीने रचलेले असतात.

भाषांमध्ये इटालियन सर्वांत आधी, आणि ती नुसत्या उच्चारापुरती नव्हे तर वाक्य समजण्याइतकी यायला हवी. त्यानंतर इंग्रजी आणि जर्मन. फ्रेंच जरा नंतर आली तरी चालते.

५. भूमिका ओळखा: ती मुळात कोणासाठी लिहिली होती?

या व्यवसायात जितका गोंधळ भूमिकांच्या निवडीत होतो तितका दुसरीकडे कुठेच होत नाही. काउंटरटेनर आज ज्या प्रमुख भूमिका गातात त्यांतल्या बहुतेक अठराव्या शतकात कास्त्राती गायकांसाठी, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्चीकरण केलेल्या पुरुषांसाठी, लिहिल्या गेल्या. हे गायक एकमेकांपेक्षा अतिशय वेगळे होते, आणि भूमिका कोणासाठी लिहिली होती हे पाहिले की ती आपल्याला झेपेल का, याचा अंदाज स्वरलिपी उघडण्याआधीच येतो.

सेनेसिनो हा ऑल्टो होता. हँडेलने त्याच्यासाठी ‘जूलिओ चेझारे’ (१७२४) मधला सीझर, ‘रोदेलिंदा’ (१७२५) मधला बेर्तारिदो आणि ‘ऑर्लांदो’ (१७३३) ची नायकभूमिका लिहिली. या भूमिका खाली बसतात आणि सांध्याची कठोर परीक्षा घेतात. ‘आरिओदान्ते’ आणि ‘आल्चिना’ (दोन्ही १७३५) मधल्या कारेस्तिनीसाठी लिहिलेल्या भूमिका उंच आहेत. ज्याचा आवाज सहजपणे मेझोच्या पट्टीत राहतो त्यानेच त्यांना हात घालावा. फारिनेल्ली किंवा काफ्फारेल्ली यांच्यासाठी लिहिलेले संगीत पहिल्या दहा वर्षांत रंगमंचावर नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, मग खोलीत ते कितीही छान लागत असो. ग्वादाग्नी हा गायक नवख्यांना सर्वांत जवळचा वाटेल. ग्लुकचा ओर्फेओ (व्हिएन्ना, १७६२) आणि त्याआधी हँडेलच्या ‘थिओडोरा’ (१७५०) या ऑरेटोरिओतला (अभिनयाविना गायल्या जाणाऱ्या संगीतकथेतला) डिडिमस त्याच्यासाठी लिहिले गेले, आणि त्यांत स्वरांच्या आतषबाजीपेक्षा साध्या, लांब ओळींना महत्त्व आहे.

इथे दोन सापळे आहेत. ग्लुकच्या या ऑपेराची १७७४ ची पॅरिस आवृत्ती उंच टेनरसाठी आहे, ज्याला फ्रेंचमध्ये ओत-कोंत्र म्हणतात; १८५९ ची बर्लिओझने सिद्ध केलेली आवृत्ती पोलीन व्हियार्दो या गायिकेसाठी आहे. प्रसिद्ध विलापगीत व्हिएन्ना आवृत्तीत सी मेजरमध्ये आणि पॅरिस आवृत्तीत एफ मेजरमध्ये आहे. चुकीची स्वरलिपी विकत घेऊन महिनाभर मेहनत करणारे विद्यार्थी मला भेटले आहेत. दुसरा सापळा असाच: ल्युली आणि रामो यांच्या ऑपेरांतल्या ओत-कोंत्र भूमिका फॉल्सेटोसाठी लिहिलेल्या नाहीत, त्यामुळे त्या आपल्या यादीत घालू नयेत.

पहिल्या कामांसाठी दुय्यम भूमिका तयार ठेवाव्यात. ‘जूलिओ चेझारे’ मधला निरेनो, ‘रोदेलिंदा’ मधला उनुल्फो, ‘आग्रिप्पिना’ (१७०९) मधला नार्चिसो या भूमिकांसाठी तरुण गायकांचा खरोखर शोध घेतला जातो. प्रमुख भूमिकांसाठी मात्र आपली स्पर्धा इतर काउंटरटेनरांपुरती मर्यादित नसते. सीझर आणि आरिओदान्तेसारख्या भूमिका मेझो गायिकाही गातात आणि अनेकदा उत्कृष्ट गातात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर हे संगीत एक सप्तक उतरवून बॅरिटोन आणि बास गायकांना दिले जाई.

आधुनिक संगीताकडे दुर्लक्ष करणे ही घोडचूक ठरेल. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनने ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ (१९६०) मधला ओबेरॉन आल्फ्रेड डेलरसाठी लिहिला, आणि त्यानंतर या आवाजासाठी थेट लिहिलेल्या भूमिकांची रांगच लागली: लिगेतीच्या ‘ल ग्रां माकाब्र’ (१९७८) मधला राजपुत्र गो-गो, फिलिप ग्लासचा ‘आखनातेन’ (१९८४), जोनाथन डव्हच्या ‘फ्लाइट’ (१९९८) मधला निर्वासित, जॉर्ज बेंजामिनच्या ‘रिटन ऑन स्किन’ (२०१२) मधला मुलगा. नवे संगीत अचूक आणि वेगाने वाचू शकणाऱ्या काउंटरटेनरला काम लवकर मिळते.

६. संस्था आणि कागदपत्रे

दोन वाटा आहेत. एक, प्राचीन संगीतात विशेष शिक्षण देणाऱ्या संस्थांची: बाझेलची १९३३ मध्ये स्थापन झालेली स्कोला कान्तोरुम, हेगचे रॉयल कॉन्झर्व्हेटॉयर. दुसरी, सर्वसाधारण गायन आणि ऑपेरा विभागांची, जिथे अभिनय आणि रंगमंचावरच्या हालचालींचे शिक्षण अधिक मिळते. माझा सल्ला असा की पदवी दुसऱ्या प्रकारच्या संस्थेत घ्यावी आणि त्यानंतर पहिल्या प्रकारच्या संस्थेत जावे, कारण ऑपेराला रंगमंचावर वावरता येणारा गायक हवा असतो. इंग्लंडमधल्या कॅथीड्रल गायकवृंदांत ऑल्टो म्हणून काम करणे हीदेखील जुनी आणि मोलाची शाळा आहे; तिथे बहुतेक रोज नवे संगीत समोर येते आणि पहिल्याच वाचनात गावे लागते.

मुदतींकडे लक्ष द्यावे. बहुतेक ब्रिटिश कॉन्झर्व्हेटॉयरसाठी अर्जाची मुदत अभ्यासक्रम सुरू होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपते. जर्मनीतल्या अनेक संगीत विद्यापीठांत गायनासाठी वयोमर्यादा असते, ती आधी पाहावी. तिथल्या सरकारी संस्थांत सहसा शिक्षणशुल्क नसते, परंतु बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात.

पुढील कागदपत्रे एका ठिकाणी तयार ठेवावीत:

- पुरेशी मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, आधीच्या शिक्षणाच्या गुणपत्रिका आणि त्यांची अधिकृत भाषांतरे
- शिक्षणाच्या भाषेचे प्रमाणपत्र
- तीन किंवा चार रचनांची, एका दमात केलेली, काटछाट न केलेली चित्रफीत. साथ पियानोची, नुसत्या रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकची नव्हे
- दोन शिक्षकांची किंवा संगीत संचालकांची शिफारसपत्रे
- एक पानी परिचयपत्र, ज्यात गायलेल्या भूमिका, नुसत्या शिकलेल्या भूमिका आणि राखीव गायक म्हणून केलेल्या भूमिका वेगवेगळ्या दाखवलेल्या असतील
- साधे, अलीकडचे छायाचित्र

भूमिकांची सरमिसळ करण्याचा मोह अनेकांना होतो. हा व्यवसाय लहान आहे आणि कोणत्या प्रयोगात कोण गायले हे पाच मिनिटांत कळते.

७. ऑडिशनची तयारी

पाच आरियांचा संच ठेवावा: सेनेसिनो पट्टीतली एक संथ, एक वेगवान तानांची, एक ग्लुक किंवा मोझार्टच्या काळातली, एक ब्रिटनची किंवा इंग्रजीतली दुसरी, आणि एक गेल्या चाळीसेक वर्षांत लिहिलेली. पहिली आरिया आपण निवडतो, दुसरी परीक्षक निवडतात, म्हणून पाचांपैकी एकही अर्धवट तयार असता कामा नये. पहिली निवड उंच स्वरांच्या चमकदार आरियेची करू नये. ज्या आरियेत सांधा उघडपणे ऐकू येतो आणि तरीही ओळ तुटत नाही, तीच आधी गावी. परीक्षकांच्या मनातला पहिला प्रश्न तिथेच सुटतो.

साथीदारासाठी स्वरलिपी पाने उलटायला सोपी जाईल अशा बाइंडरमध्ये द्यावी, दा कापोची पुनरावृत्ती कुठे थांबते ते स्पष्ट लिहावे, आणि आपले अलंकार त्याच्या प्रतीवरही उतरवून द्यावेत. लय शब्दांत सांगण्याऐवजी पहिल्या दोन ओळी हळू आवाजात गाऊन दाखवाव्यात.

स्पर्धांच्या बाबतीत काउंटरटेनरांनी आता मागे राहण्याचे कारण नाही. ब्रायन असावा यांनी १९९१ मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेराची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ती जिंकणारे ते पहिले काउंटरटेनर होते. बरोक संगीतासाठी इन्सब्रुकची २०१० पासून भरणारी चेस्ती स्पर्धा आणि ले आर्ट फ्लोरिसां या संस्थेची २००२ मध्ये सुरू झालेली ‘जार्दां दे व्हुआ’ ही तरुण गायकांची अकादमी दोन्ही विचारात घ्याव्यात. दुसऱ्या पर्यायात प्रत्यक्ष दौरा करायला मिळतो, आणि माझ्या मते त्याचे मोल पदकापेक्षा अधिक आहे.

८. पहिला करार

जर्मन भाषक देशांतली नाट्यगृहे सोप्रानो, टेनर अशा जातींच्या गायकांना पगारी नोकरीवर ठेवतात. काउंटरटेनरला अशी नोकरी क्वचित मिळते, कारण एका हंगामात त्याच्यासाठी एखाद-दुसरीच निर्मिती असते. त्यामुळे त्याचे आयुष्य पाहुण्या गायकाच्या करारांवर चालते, आणि असा करार वाचायला त्याने स्वतः शिकावे.

मानधन बहुतेक ठिकाणी प्रयोगागणिक ठरते, तर तालमी अनेक आठवडे चालतात. म्हणून तालमींचे स्वतंत्र मानधन आहे का, प्रवास आणि निवास कोण देणार, आजारपणामुळे प्रयोग चुकला तर काय, आणि तालमी पूर्ण करूनही प्रयोग रद्द झाला तर किती रक्कम मिळणार, हे चार मुद्दे सही करण्यापूर्वी लेखी असावेत. परदेशी कलाकाराच्या मानधनातून कर आधीच कापला जातो, अमेरिकेत सर्वसाधारणपणे ३० टक्के. दोन देशांत कर-करार असेल तर सवलतीचा अर्ज कामाच्या आधी करावा लागतो. अमेरिकेतल्या कामासाठी कलाकारांचा ओ-१ व्हिसा गायकाला स्वतः मागता येत नाही, त्यासाठी तिथल्या संस्थेने किंवा एजंटाने अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

एजंटाची घाई करू नये. दोन-तीन व्यावसायिक भूमिका झाल्यावर त्यालाच प्रयोग पाहायला बोलवावे. जो एजंट आधी पैसे मागतो त्याच्याकडे पाठ फिरवावी; त्याचे उत्पन्न आपल्या मानधनाच्या ठरावीक हिश्श्यातून यायला हवे.

करारात पट्टी लिहून घेण्याचे मी वर सांगितलेच आहे. त्यासोबत काटछाटीची प्रतही मागून घ्यावी. दिग्दर्शक अनेकदा आरिया वगळतात किंवा दुसऱ्या पात्राची आरिया तुमच्याकडे वळवतात, आणि ती आली आहे हे तालमीच्या पहिल्या दिवशी कळले तर सांध्याची तयारी करायला वेळ उरत नाही. प्रत हाती आल्याबरोबर प्रत्येक आरियेतला सर्वांत खालचा स्वर आणि त्यावर वाजणारी वाद्ये यांची यादी करावी. एखादी ओळ आपल्या आवाजात ऐकू येणार नाही असे वाटले, तर ती गोष्ट संगीत दिग्दर्शकाला त्याच आठवड्यात कळवावी. अलंकार वर नेऊन किंवा वाद्ये कमी करून तो मार्ग काढू शकतो, मात्र वाद्यवृंदासोबतच्या तालमी सुरू होण्यापूर्वी.